किलो, मिली, मायक्रो : दशांशचिन्ह किती घरं सरकवायचं?

एकक बदलताना गुणायचं की भागायचं, इथेच बहुतेक जण अडखळतात. त्यापेक्षा प्रत्येक उपसर्गाचा दहाचा घातांक पाठ करा. मग काम एका वजाबाकीवर येतं.

गिगा ९, मेगा ६, किलो ३, हेक्टो २, डेका १. उपसर्ग नसेल तर ०. त्याखाली डेसी −१, सेंटी −२, मिली −३, मायक्रो −६, नॅनो −९, पिको −१२. (२०२२ साली ही यादी वर क्वेटा ३० आणि खाली क्वेक्टो −३० पर्यंत लांबली, पण रोजच्या कामाला हे अकरा पुरतात.)

हातातल्या एककाच्या घातांकातून हव्या त्या एककाचा घातांक वजा करा. उत्तर धन आलं तर दशांशचिन्ह तितकी घरं उजवीकडे न्या, ऋण आलं तर डावीकडे. ४.५ किलोमीटरचे सेंटीमीटर करायचे आहेत : ३ − (−२) = ५, म्हणून ४,५०,०००. ७५० मायक्रोग्रॅमचे मिलिग्रॅम : −६ − (−३) = −३, म्हणून ०.७५. पडताळा सोपा आहे : एकक लहान झालं की आकडा वाढायलाच हवा.

शाळेत शिकलेली ‘एक पायरी, एक शून्य’ ही शिडी मिलीपाशी संपते. मिलीनंतरचा मायक्रो शेजारचा वाटतो, पण मध्ये तीन शून्यं आहेत. औषधाच्या मात्रेत ही गल्लत हजारपटीची होते आणि जिवावर बेतू शकते. तिथे ‘मायक्रोग्रॅम’ हा शब्द पूर्ण लिहावा. चिन्हांतही जपा : इंग्रजी छोटा ‘एम’ म्हणजे मिली, मोठा ‘एम’ म्हणजे मेगा. दोन्हींत अब्जपटीचा फरक आहे.

सगळ्यात जास्त चुका क्षेत्रफळ आणि घनफळात होतात. १ मीटर म्हणजे १०० सेंटीमीटर, पण १ चौरस मीटर म्हणजे १०० × १०० = १०,००० चौरस सेंटीमीटर. वजाबाकीचं उत्तर चौरसासाठी दुप्पट करा, घनासाठी तिप्पट. त्यामुळे १ घनमीटरमध्ये १० लाख घन सेंटीमीटर बसतात.

लिटरला मात्र हे तिप्पट करणं लावू नका. लिटर हे मुळातच घनफळाचं एकक, १ घन डेसीमीटर इतकं. त्यामुळे १ लिटरचे १,००० मिलिलिटर साध्या वजाबाकीनेच मिळतात, आणि १ मिलिलिटर बरोबर १ घन सेंटीमीटर भरतो.