बेल्ट ओरडतोय म्हणून लगेच बेल्ट बदलू नका

सकाळी गाडी चालू केली की बॉनेटखालून कर्कश आवाज येतो, दहा-पंधरा सेकंदांत थांबतो आणि ऑफिसच्या घाईत आपण तो विसरूनही जातो. काही दिवसांनी एसी लावला तरी तोच आवाज. मग गॅरेज, 'साहेब, फॅन बेल्ट गेलाय', नवा बेल्ट, बिल. महिनाभर शांतता आणि पुन्हा येरे माझ्या मागल्या. आता गाडीवाला मेकॅनिकला बोल लावतो, मेकॅनिक बेल्टच्या कंपनीला, आणि खरं कारण तिथेच बॉनेटखाली फिरत राहतं.

ओरडतो बेल्ट, पण त्याला ओरडायला लावणारा बहुतेक वेळा दुसराच कुणीतरी असतो. तो सापडेपर्यंत पाकिटात हात घालायचा नाही.

ज्या पट्ट्याबद्दल बोलतोय तो इंजिनाच्या एका अंगाला, बाहेरून दिसणारा काळा रबरी पट्टा. क्रँकच्या, म्हणजे इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या, पुलीवरून निघून तो बॅटरी भरणारा अल्टरनेटर फिरवतो, एसीचा कॉम्प्रेसर फिरवतो, बऱ्याच गाड्यांत वॉटर पंप फिरवतो आणि स्टिअरिंग हायड्रॉलिक असेल तर त्याचा पंपही. कव्हरच्या आत असतो तो टायमिंग बेल्ट. त्याचं काम वेगळं, बदलण्याचा हिशोबही वेगळा. गॅरेजमध्ये बोलताना या दोघांची गल्लत होऊ देऊ नका, कारण खर्चात मोठा फरक पडतो.

स्प्रे, साबण, मेणबत्ती

सगळ्यात आधी हे, कारण सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं. बेल्टला साबणाची वडी घासणं, मेणबत्ती लावणं, टाल्कम पावडर टाकणं, गंज सोडवायचा स्प्रे मारणं, खोबरेल तेलाचं बोट लावणं. या सगळ्यांनी आवाज बंद होतो, हे खरं. म्हणूनच लोकांचा त्यावर विश्वास बसतो. पण आजचे बहुतेक बेल्ट ईपीडीएम नावाच्या रबराचे असतात. उन्हाला, उष्णतेला, ओझोनला ते चिवट, पण खनिज तेलाशी त्यांचं अजिबात जमत नाही. तेल लागलं की रबर फुगतं, मऊ पडतं. दुकानात मिळणारे बेल्टचे चिकट स्प्रेही तसेच. दोन दिवस पकड वाढते, मग त्या चिकट थरावर धूळ बसते आणि तिचा लेप पुलीच्या खाचांत घट्ट होतो. त्यानंतर नवा बेल्ट टाकला तरी तोही ओरडतो, कारण घाण पुलीत राहिलेली असते.

बेल्टवर आधीच तेल किंवा कूलंट पडलं असेल तर तो बेल्ट गेला असं समजा. पण बदलण्याआधी ते आलं कुठून ते शोधा. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केट, वॉटर पंपाखालचं बारीक भोक, स्टिअरिंग ऑईलचा पाईप, या तीन जागा आधी बघा. गळती तशीच ठेवून टाकलेला नवा बेल्ट लवकरच जुन्याच्या वाटेने जातो. पुल्या नायलॉनच्या ब्रशने आणि साबणाच्या पाण्याने घासून घ्या, कोरड्या होऊ द्या, मगच नवा बेल्ट चढवा.

सगळे आवाज एकच समजणं

गॅरेजमध्ये गेल्यावर आपण सांगतो, 'आवाज येतोय.' एवढ्यावर कुणालाही निदान करता येत नाही. जाण्याआधी स्वतः पाच मिनिटं ऐका.

चिव-चिव-चिव असा तुटक, ठेक्यात येणारा आवाज, जो आयडलवर, म्हणजे रेस न देता, स्पष्ट ऐकू येतो आणि रेस वाढवली की ठेका जलद होतो, तो बहुधा पुल्या एका ओळीत नसल्याचा. बेल्ट खाचेत सरळ न शिरता किंचित तिरका शिरतो आणि दर फेऱ्याला घासतो. लांबलचक किंचाळी, तीही इंजिनावर भार आला की, म्हणजे बेल्ट घसरतोय. गाडी चालू केल्याबरोबर अल्टरनेटर बॅटरी भरायला जोर लावतो तेव्हा, एसीचा कॉम्प्रेसर लागतो तेव्हा, हायड्रॉलिक स्टिअरिंग पूर्ण वळवलं तेव्हा. इलेक्ट्रिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत ही शेवटची परीक्षा उपयोगाची नाही. हल्लीच्या बऱ्याच छोट्या गाड्या त्यातच मोडतात. तिसरा प्रकार घरघरीचा किंवा गुरगुरण्याचा, भार असो नसो, सतत येणारा. तो बेल्टचा नाहीच. कुठल्या तरी बेअरिंगचा आहे.

पहिल्या दोन आवाजांत फरक करायला पाण्यासारखी दुसरी चाचणी नाही. इस्त्री करताना कपड्यांवर पाणी मारायची बाटली असते ना, तीच घ्या. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला, इंजिन आयडलवर. ओढणी, टाय, सैल बाही, गळ्यातली चेन, सगळं आधी आवरून घ्या. हात पुलीपासून लांब ठेवून बेल्टच्या धारी (लांबीने गेलेल्या उंच रेघा) असलेल्या आतल्या बाजूवर बारीक फवारा मारा. वायरिंगच्या जोडांवर पाणी जाऊ देऊ नका. आता फक्त कान द्या. पाणी पडताच आवाज थांबला आणि बेल्ट सुकल्यावर पुन्हा सुरू झाला, तर पुल्यांच्या रेषेत गडबड आहे. पाणी पडताच आवाज उलट वाढला, किंचाळी झाली, तर ताण कमी आहे. काहीच फरक पडला नाही तर बेल्ट सोडा, बेअरिंगकडे वळा.

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. तरीही ही चाचणी न करता बेल्ट बदलले जातात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पावसाळ्याचं मात्र वेगळं. कोकणात किंवा मुंबईत साचलेल्या पाण्यातून गाडी गेली की बेल्ट भिजतो आणि काही सेकंद ओरडतो. लगेच थांबला तर घाबरायचं कारण नाही. पण दर ओल्या सकाळी तो मिनिटभर ओरडत असेल, तर निसर्गाने तुमच्यासाठी पाण्याची चाचणी करून दिली आहे. ताण तपासा.

फक्त भेगा शोधणं

'बेल्टला भेगा नाहीत, म्हणजे चांगला आहे.' हे जुन्या, निओप्रीन रबराच्या बेल्टच्या काळचं ज्ञान. तो बेल्ट म्हातारा झाला की तडकायचा, तुकडे निघायचे, डोळ्यांना दिसायचं. ईपीडीएमचा बेल्ट सहसा तडकत नाही; तो टायरसारखा झिजतो. वरून काळाभोर, गुळगुळीत, अगदी ठणठणीत दिसतो आणि तरीही काम करत नाही.

झीज कळण्यासाठी धारींच्या मधली खाच बघावी लागते. नव्या बेल्टची खाच इंग्रजी व्ही अक्षरासारखी निमुळती असते. झिजत गेली की ती रुंद होते, तळ गोल होतो. मग बेल्ट पुलीत जास्त खोल बसतो, त्याच्या धारींची टोकं पुलीच्या तळाला टेकतात आणि बाजूंची पकड जाते. पकड असते ती बाजूंचीच. तळ टेकला की घसरण सुरू. शिवाय बेल्ट खोल बसला म्हणजे त्याची लांबी जणू वाढली, ताणही कमी झाला. एवढं सगळं होतं ते इतक्या थोड्या झिजेने, की हातात धरून बघितलं तरी लक्षात येत नाही. झीज मोजायची प्लास्टिकची छोटी पट्टी मिळते, ती खाचेत धरून बघावी. धारी चकचकीत, काचेसारख्या झाल्या असतील तर बेल्ट बराच काळ घसरतोय.

बेल्ट नवा, बाकी सगळं जुनं

परत परत आवाज येण्याचं मुख्य कारण हेच, म्हणून इथे जरा थांबतो.

बेल्ट उतरवलेला असतो तेव्हा प्रत्येक पुली हाताने फिरवून बघायची संधी असते. ती सोडू नका. मेकॅनिकशेजारी उभे राहा, हवं तर स्वतः हात लावा. इंजिन बंद, किल्ली बाहेर. आयडलर (बेल्टला फक्त वळण देणारी पुली) आणि टेन्शनर (बेल्टचा ताण धरणारा भाग) यांची पुली बोटाने फिरवा. चांगलं बेअरिंग आवाज न करता, आतल्या ग्रीसच्या किंचित जडपणाने फिरतं आणि लवकर थांबतं. ग्रीस सुकलेलं बेअरिंग सुळकन फिरत राहतं, बराच वेळ, आणि बारीक सळसळ ऐकू येते. पुष्कळांना ही सैल फिरणारी पुली चांगली वाटते. खरं तर तीच बदलायची असते. फिरवताना बोटांना बारीक खरखर जाणवली तरीही तेच. मग पुली वर-खाली, पुढे-मागे हलवून बघा. हलली की बेल्ट तिरका चालणार.

अल्टरनेटर, वॉटर पंप, कॉम्प्रेसर यांनाही हाच नियम. त्यात अल्टरनेटरच्या पुलीकडे नीट बघा. बऱ्याच डिझेल गाड्यांत ती साधी नसते, सायकलच्या फ्रीव्हीलसारखी एका दिशेला पकडते आणि दुसऱ्या दिशेला मोकळी सुटते. डिझेल इंजिनाचे झटके बेल्टवर येऊ नयेत म्हणून ही सोय. ती जाम झाली की बेल्ट फडफडतो, टेन्शनर नाचतो आणि इंजिन बंद करताना वेगळाच आवाज येतो. दोन्ही दिशांना घट्ट किंवा दोन्ही दिशांना मोकळी फिरत असेल तर गेली.

आता टेन्शनर. इंजिन चालू, एसी चालू, आणि टॉर्च मारून टेन्शनरच्या हाताकडे बघा. हलकी थरथर चालते. हात नजरेला दिसेल असा उड्या मारत असेल आणि अल्टरनेटरची पुली जाम नसेल तर टेन्शनर थकला आहे. बऱ्याच टेन्शनरवर खुणेची रेघ असते. काटा त्या मर्यादेच्या बाहेर गेला तर बेल्ट ताणला गेलाय किंवा चुकीच्या लांबीचा आहे. लाखभर किलोमीटर चाललेल्या गाडीत नवा बेल्ट टाकताना टेन्शनर आणि आयडलर तपासून, शंका असेल तर सोबतच बदलावेत. उतरवा-चढवायची मजुरी एकदाच लागते.

आणखी एक जागा, जिच्याकडे फार थोडे लोक बघतात: क्रँकची पुली. तिच्या आतल्या आणि बाहेरच्या कड्यामध्ये रबराचा थर असतो. ते रबर सुकलं, फाटलं की बाहेरचं कडं हळूहळू सरकतं किंवा लडबडतं. मग बाकी सगळं नवं टाकलं तरी चिव-चिव थांबत नाही.

खाचेत अडकलेला बारीक खडाही तसाच आवाज काढतो. कच्च्या रस्त्यावर गाडी जात असेल तर सगळ्यात आधी तोच शोधा.

आवाज जाईपर्यंत कसणं

ज्या गाड्यांत आपोआप ताण धरणारा टेन्शनर नाही, त्यांत अल्टरनेटर मागे ओढून बोल्ट कसतात. टॉमी (लोखंडी दांडा) अडकवून जोर लावला की आवाज जातो. जास्त जोर लावला की तो खात्रीने जातो, आणि त्याच्यामागोमाग अल्टरनेटरचं आणि वॉटर पंपाचं बेअरिंगही जातं. दोन पुल्यांमधल्या सर्वांत लांब भागाच्या मध्यावर अंगठ्याने बऱ्यापैकी दाबलं तर बेल्ट साधारण सेंटिमीटरभर किंवा त्याहून थोडा कमी दबावा. नेमका आकडा गाडीच्या मॅन्युअलमध्ये असतो, तोच धरावा. नवा बेल्ट थोडा चालल्यावर बसतो, म्हणून काही दिवसांनी ताण पुन्हा बघणं या गाड्यांत गरजेचं.

जवळपासचा नंबर 'चालतोय की'

बेल्टच्या पाठीवर '६ पीके १०४०' अशा धर्तीचा नंबर असतो. ६ म्हणजे धारी, पीके हा धारींचा प्रकार, पुढची लांबी मिलिमीटरमध्ये. दुकानदार पाच-दहा मिलिमीटर कमी-जास्त पुढे करतो. हाताने कसायच्या गाडीत ते कधी खपून जातं, पण टेन्शनरवाल्या गाडीत टेन्शनर मर्यादेच्या टोकाला जाऊन काम करतो. काही गाड्यांत एसीसाठी टेन्शनरशिवाय चालणारा लवचिक बेल्ट असतो. तिथे साधा बेल्ट अजिबात चालत नाही. चढवताना एक धार पुलीबाहेर राहिली नाही ना, हेही प्रत्येक पुलीवर टॉर्च मारून बघा. एक खाच चुकली तरी बेल्ट थोड्याच दिवसांत काठाने उसवतो.

काही आवाज बेल्टचे वाटतात, पण नसतात. क्लच दाबल्यावर बदलणारा आवाज क्लच बेअरिंगचा. चाकाच्या फिरण्याबरोबर येणारा आणि गाडी उभी केली की थांबणारा आवाज ब्रेक पॅडकडे किंवा चाकाच्या बेअरिंगकडे बोट दाखवतो. एक्झॉस्टचं गॅस्केट फुंकलं तरी थंड इंजिनावर चिव-चिव होते. खात्री करायची तर बेल्ट उतरवून इंजिन फक्त काही सेकंद चालवून बघतात. आवाज तसाच राहिला तर बेल्ट निर्दोष. हे मेकॅनिककडूनच करून घ्या, कारण तेवढा वेळ वॉटर पंपही बंद असू शकतो.

आवाज येतो म्हणून गाडी लगेच उभी करायची गरज नसते, पण खंबाटकी किंवा कसारा घाट चढायच्या आधी तो तपासलेला बरा. चालता चालता बेल्ट तुटला तर डॅशबोर्डवर बॅटरीचा लाल दिवा लागतो, हायड्रॉलिक स्टिअरिंग एकदम जड होतं, आणि वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर तापमानाचा काटा झपाट्याने चढतो. एसी बंद करा, सुरक्षित जागा बघून इंजिन बंद करा. 'पुढच्या गॅरेजपर्यंत नेऊ' म्हणून चालवलेल्या गाडीचं हेड गॅस्केट जातं. रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडू नका. पंख्यालाही हात लावू नका. विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरतो. आणि बेल्टच्या पाठीवरचा नंबर छपाई पुसली जायच्या आत मोबाईलमध्ये फोटो काढून ठेवा, म्हणजे घाटात मदतीला येणाऱ्या मेकॅनिकला निघतानाच योग्य बेल्ट सोबत घेता येईल.