पोरांना घोड्यावर बसवताय? आधी काय बघायचं, आणि पोरगं पडलंच तर आईबापाला काय बोलायचं (नाही)

सुट्टी लागली की पुण्यातले पालक दोन प्रकारे घोड्याच्या भानगडीत पडतात. एक म्हणजे महाबळेश्वरला वेण्णा लेकवर नाहीतर पाचगणीच्या टेबललँडवर "बाबा एकच राउंड" ऐकून खिशात हात घालणारे, आणि दुसरे रीतसर रायडिंग स्कूलला नाव घालून पोराला पहाटे उठवून गाडीत कोंबणारे. खालचं सगळं दोघांसाठीही आहे, पण पहिल्यांनी जरा जास्त नीट वाचा, कारण दुसऱ्यांकडे निदान हेल्मेट तरी असतं.

पहिली गोष्ट, घोडेस्वारी शंभर टक्के सेफ करता येत नाही. कोणी सांगत असेल की "आमचा घोडा एकदम गरीब आहे हो, काही करत नाही" तर मान डोलवा आणि तरीही पुढचं सगळं तपासा. घोडा चारशे-पाचशे किलोचा असतो आणि मुळात पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे जवळजवळ सगळीकडचं दिसतं, फक्त थेट मागचं आणि कपाळासमोरचं थोडं दिसत नाही. कुठे प्लॅस्टिकची पिशवी फडफडली, कुणी छत्री उघडली, की तो आधी उडी मारतो आणि मग विचार करतो. कितीही शिकवलेला असला तरी हे थोडं उरतंच. म्हणजे धोक्याचा एक भाग आपण कमी करू शकतो आणि एक भाग काही केल्या जात नाही, आणि हा जो उरलेला भाग आहे तो आपल्याला मान्य आहे का हे फी भरायच्या आधी घरात बसून बोलायचं. आई-बाबा दोघांनी, आणि आजी-आजोबा घरात असतील तर त्यांच्याही कानावर घालून. "पडू शकते, हात मोडू शकतो, आम्ही हे-हे बघितलंय, तरी पाठवतोय." हे आधी बोललेलं असलं की नंतरचं अर्धं भांडण होतच नाही.

आता हेल्मेट. याच्यावर मी सगळ्यात जास्त वेळ घालवणार आहे कारण घोड्यावरून पडल्यावर जीवावर बेततं ते बहुतेक वेळा डोक्यामुळे. सायकलचं हेल्मेट चालत नाही, टू-व्हीलरचं तर नाहीच, रायडिंगचं वेगळं मिळतं आणि त्याच्या आत लेबल असतं, त्यावर एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ असं काहीतरी सुरक्षेचं मानक लिहिलेलं पाहिजे. काळं मखमली कापड लावलेली दिसायला झकास टोपी मिळते, लेबल नसेल तर ती फोटोपुरती. फिटिंग असं बघा: पुढची कड भुवयांच्या वर साधारण दोन बोटं, मागे सरकवून "स्टाइल" मारायची नाही. मग पट्टा न लावता पोराला मान खाली घालून जोरात नाही-नाही करायला सांगा. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली तर बसलंय, हेल्मेट एकटंच फिरलं तर मोठं आहे. वाढत्या अंगाचं म्हणून एक साइज मोठं घेऊन ठेवायची आपली जी सवय आहे ती शाळेच्या युनिफॉर्मपुरती ठेवा. मुलींची वेणी खाली मानेशी बांधा, वर अंबाडा घातला की हेल्मेट डोक्यावर तरंगतं. पट्टा हनुवटीखाली असा की तोंड उघडून जांभई दिली तर हेल्मेट किंचित खाली ओढलं जावं. क्लबची हेल्मेटं एका पेटीत टाकलेली असतात, त्यातलं घ्यावं लागलं तर हातात घेऊन उलटं करा, आतला फोम दाबून बघा, भेग किंवा खड्डा असेल तर सरळ परत द्या. तिथला माणूस तोंड वाकडं करेल, करू दे.

आणि हेल्मेट म्हणजे कवचकुंडलं नाहीत हेही सांगून ठेवतो. हॉलिवूडचा नट ख्रिस्तोफर रीव्ह १९९५ मध्ये उडीच्या स्पर्धेत पडला, चांगला स्वार होता, हेल्मेट होतं, तरी मानेचं हाड मोडून खांद्याखालचं सगळं शरीर कायमचं गेलं. म्हणून उडीबिडीची घाई नको, इन्स्ट्रक्टर म्हणतील तेव्हा, आणि शेजारच्या मुलाने सुरू केली म्हणून तर अजिबात नको.

पायात स्पोर्ट्स शूज नकोत. असं का, तर पाय रिकिबीत ठेवतात (क्लबमध्ये सगळे स्टिरपच म्हणतात), आणि टाच नसलेला बूट सटकून आरपार पुढे जातो. मग पोरगं पडलं आणि पाय अडकलेलाच राहिला तर घोडा त्याला ओढत नेतो, आणि ते नुसतं पडण्यापेक्षा किती तरी वाईट. अर्धा-पाऊण इंच टाच, गुळगुळीत सोल, लेस लोंबत नाही असा बूट, बस्स. महागडे लांब बूट पहिल्या महिन्यात घेऊ नका, हौस टिकते का बघा. लहान मुलांसाठी एका बाजूला रबर असलेली रिकीब मिळते, जोर आला की रबर निघतं आणि पाय सुटतो, ती क्लबकडे आहे का विचारा. आणि चढायच्या आधी तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळायचा पट्टा, एकदा तपासलेला असला तरी दोन मिनिटं चालवून परत तपासायला लावा. बरेच घोडे आवळताना पोट फुगवून उभे राहतात, चालायला लागले की पट्टा सैल, आणि मग खोगीर पोरासकट एका बाजूला फिरतं. हे मी कुंपणाबाहेरून ओरडून सांगतो, लोक हसतात.

घोडा कोणता देतायत ते विचारा. पुण्यात रेसकोर्स आहे, पावसाळ्यात इथे रेसचा सीझन असतो, आणि आपल्याकडच्या रायडिंग स्कूलमधले बरेच घोडे रेसमधून रिटायर झालेले असतात. त्यात वाईट काही नाही, नीट परत ट्रेनिंग दिलं तर गुणी निघतात, पण ज्या जनावराला लहानपणापासून मागून दुसऱ्या टापा ऐकू आल्या की पळायचं एवढंच शिकवलंय त्याच्यावर पहिल्याच आठवड्यात सात वर्षांचं पोर नको. तट्टू किंवा वयस्कर, शांत घोडा मागा. सुरुवातीचे धडे लांब दोरीवर गोल फिरवत, त्याला लंज म्हणतात, दोरी शिकवणाऱ्याच्या हातात. एक इन्स्ट्रक्टर आणि नवशिकी आठ पोरं असली बॅच दिसली तर नाव घालू नका. वयाचं म्हणाल तर पाच-सहाच्या आधी फक्त कुणीतरी धरून चालवायचं.

इन्स्ट्रक्टर ओरडतो किती यापेक्षा "आज नको" म्हणतो का ते बघा. पाऊस पडून मैदान घसरडं झालंय, घोडा कान मागे टाकून चिडचिड करतोय, आणि बाई किंवा सर म्हणतात आज फक्त खरारा करू, म्हणजे घोड्याला ब्रशने घासू, ती जागा चांगली. क्लब नदीच्या जवळपास असेल तर जुलै-ऑगस्टमध्ये नदीकाठी ढोल-ताशा पथकांचा सराव कधी असतो तेही विचारून घ्या, वेळ बदलून मिळते. दिवाळीत फटाक्यांचे चार दिवस सुट्टीच घ्या.

जमिनीवरचं थोडक्यात, कारण यात कळायला अवघड काही नाही, पण लागतं मात्र इथेही बरंच: घोड्याच्या मागून जायचं नाही, खांद्याकडून बोलत-बोलत जायचं, गाजर सपाट तळहातावर द्यायचं, दोरी हाताला गुंडाळायची नाही, चप्पल घालून तबेल्यात नाही. तबेल्यात जखम झाली तर धनुर्वाताचं बघावं लागतं, सरकारी वेळापत्रकात पाच-सहा वर्षांचा बूस्टर आणि मग १० आणि १६ व्या वर्षीचं टीडी असतं, तेवढं कार्डावर बघून ठेवा.

हिल स्टेशनवाल्यांसाठी. माथेरानला मोटारींना बंदी आहे म्हणून घोडा गंमत नाही, वाहनच आहे, आणि उतार, लाल माती, पावसाळ्यात चिखल. घोडेवाले बहुतेक अनुभवी असतात, भांडू नका, पण तीन-चार गोष्टी अडून बसून मागा. लगाम घोडेवाल्याच्या हातात आणि तो चालत बरोबर, मागच्या घोड्यावर बसून गप्पा मारत नाही. दौडवायचं नाही, "थोडा भगाऊं क्या साब" ला स्पष्ट नाही. पोराला मांडीत घेऊन मोठ्याने बसायचं नाही, घोडा घसरला तर तुमचंच वजन पोरावर येतं. दरीच्या कडेला थांबून सेल्फी नाही. हेल्मेट तिथे मिळेलच असं नाही, मग घरून न्या, नसेल तर फोटो उभ्या घोड्यावर काढा आणि उतरवा. पोरगं रडेल दहा मिनिटं, नंतर मक्याचं कणीस दिलं की विसरतं.

एवढं करूनही पडलं तर?

धावत जाऊन उचलू नका, हे सगळ्यात कठीण आहे. आधी कुणीतरी घोडा धरू दे. मान दुखतेय, हातापायाला मुंग्या येतायत, शुद्ध गेली होती, यातलं काहीही असेल तर हलवायचं नाही, हेल्मेट काढायचं नाही (श्वासाला अडचण असेल तर गोष्ट वेगळी), १०८ ला फोन. उठून उभं राहिलं, हसलं, तरी त्या दिवशी परत घोड्यावर नाही. "पडल्यावर लगेच बसवायचं, नाहीतर भीती बसते" हे वाक्य प्रत्येक क्लबात एक काका म्हणतातच. डोक्याला मार बसला असेल तर ते चूक आहे, पुढचा दिवसभर उलटी, वाढती डोकेदुखी, पेंग, तेच-तेच विचारणं यावर लक्ष ठेवायचं आणि काहीही दिसलं की हॉस्पिटल. पोटावर लाथ बसली असेल किंवा घोडा अंगावर पडला असेल तर वरून काही दिसलं नाही तरी त्याच दिवशी दाखवा, प्लीहा-यकृताची इजा उशिरा कळते.

आणि डॉक्टरांना खरं सांगा. हे वेगळं लिहायची वेळ यावी हेच वाईट, पण लोक खोटं सांगतात. "पलंगावरून पडली." का, तर डॉक्टर रागावतील, सासूबाई शेजारी उभ्या आहेत, पोलीस केस होईल की काय. दोन वर्षांवरचं मूल दीड मीटरपेक्षा, म्हणजे पाच फुटांपेक्षा उंचावरून पडलं की डॉक्टर ते वेगळं धरतात, त्यावरून सीटी स्कॅन करायचा की नुसतं लक्ष ठेवायचं हे ठरवायला मदत होते. मोठ्या घोड्याची पाठच पाच फुटांवर असते, त्यावर बसलेल्या पोराचं डोकं अजून वर. पलंग म्हणालात की डॉक्टरांचं गणितच चुकवलंत.

आता हे खोटं कुठून येतं ते बघा. आमच्या सोसायटीत एका मुलीचं मनगट मोडलं. हेल्मेट होतं, लंजवर होती, इन्स्ट्रक्टर तिथेच, आई कुंपणाला टेकून बघत होती, कुत्रं अचानक भुंकत आत आलं आणि घोडा बाजूला उडाला. प्लॅस्टर घालून घरी आल्यावर लिफ्टमध्ये पहिला प्रश्न, "तुम्ही तिथेच होतात ना? मग?" ग्रुपवर दुसरा, "मुलींना कशाला हे नाद." बापाला कुणी काही विचारलं नाही, त्याला फक्त बिल किती झालं विचारलं. आणि विचारणाऱ्यातले निम्मे लोक आपल्या नातवाला अॅक्टिव्हावर पुढे उभं करून शाळेत सोडतात, डोक्यावर काही नाही. चार वर्षांखालच्या मुलांना टू-व्हीलरवर हार्नेस आणि हेल्मेट, स्पीड ४० च्या आत, हा नियम १५ फेब्रुवारी २०२३ पासून आहे, पण हेल्मेटसक्तीच्या विरोधात मोर्चे काढणाऱ्या गावात कोण बोलणार. रोजचा धोका डोळ्याला दिसत नाही, घोडा दिसतो.

दोष द्यायचाच नाही असं म्हणत नाहीये मी. हेल्मेट नव्हतं, आठ पोरांत एक माणूस होता, चिडका घोडा माहीत असून दिला, तर विचारा, क्लबला लेखी विचारा, त्याच दिवशी खोगीर-रिकिबीचे फोटो काढून ठेवा आणि काय झालं ते तारीख-वेळेसकट लिहा. नाव घालताना "जबाबदारी आमची नाही" वर सही केली म्हणून त्यांचा निष्काळजीपणा आपोआप माफ होत नाही. पण आधी काय तपासलं होतं ते विचारून मग बोला. तपासायचं ते तपासलं होतं आणि तरी पडली, तर तो अपघात, तिथे थांबा. पडल्यावर सगळ्यांनाच सगळं आधी माहीत असतं. आईला फोन करून "काय झालं" ची चौकशी करण्यापेक्षा "धाकट्याला शाळेतून मी आणतो, डबा किती जणांचा पाठवू" हे विचारा. नवरा-बायकोंनी "तूच हट्ट धरलास" पोरासमोर तरी नको, पोरगं ऐकत असतं. आपल्यामुळे आईला बोलणी बसली हे कळलं की पुढच्या वेळी ते डोकं दुखतंय हे सांगत नाही, आणि मग जी उलटी रात्री दिसायला हवी ती तुम्हाला दुसऱ्या दिवशी कळते.

मेडिक्लेमचं आधी वाचून घ्या. साहसी खेळांचं जे ठरावीक एक्सक्लुजन (म्हणजे कंपनी ज्याचे पैसे देत नाही ते कलम) असतं त्यात हॉर्स रेसिंगचं नाव आहे, पण ते प्रोफेशनल म्हणून भाग घेणाऱ्यांसाठी, हौशी पोरांसाठी नाही. पर्सनल अॅक्सिडेंट पॉलिसीची कलमं वेगळी असतात, एजंटला ईमेलवर विचारा म्हणजे उत्तर लेखी राहतं.

परत कधी बसवायचं? डॉक्टर हो म्हणतील तेव्हा, आणि पोरगं हो म्हणेल तेव्हा, दोन्ही. नको म्हणालं तर फी गेली म्हणायची. हो म्हणालं तर पहिल्या दिवसापासून परत लंज, जुनाच शांत घोडा, आणि हेल्मेट नवीन, कारण एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट वरून चांगलं दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो. जुन्याचा पट्टा कात्रीने कापून मगच कचऱ्यात टाका, नाहीतर घरात कुणीतरी ते धाकट्यासाठी माळ्यावर ठेवून देतं.