अळंबीतील भुंगेऱ्याला नवी प्रजाती ठरवताना या चुका टाळा

पावसाळ्यात मुंबईच्या जुन्या झाडांच्या खोडांवर गॅनोडर्मासारख्या कडक अळंब्या उगवतात. त्यांच्या आत पोखरून राहणारे, बहुधा १ ते ३ मिलिमीटर लांबीचे तपकिरी भुंगेरे सीइडी कुलातील असू शकतात. जगभरात या कुलाच्या ६०० हून अधिक प्रजातींचे वर्णन झाले आहे. भारतात त्यांच्याकडे फारसे लक्ष गेलेले नसल्याने इथे नवी प्रजाती सापडणे अशक्य नाही. पण म्हणूनच घाईने नाव देण्याचा मोहही मोठा असतो.

सर्वांत महागात पडणारी चूक शिंगांबाबत होते. अनेक प्रजातींत नराच्या डोक्यावर किंवा वक्षाच्या पुढच्या कडेवर शिंगे असतात. मात्र ती शरीराच्या आकारानुसार बदलतात. अळीअवस्थेत भरपूर खाऊन मोठ्या झालेल्या नराची शिंगे ठसठशीत असतात, तर त्याच अळंबीतील लहान नराला जेमतेम उंचवटे असतात आणि मादीला बहुधा तेही नसतात. असे तीन नमुने वेगवेगळे हाती आले, तर तीन प्रजाती वाटणे स्वाभाविक आहे. एकाच अळंबीत अनेक पिढ्या वाढत असल्याने लहान-मोठ्या नमुन्यांची मोठी मालिका मिळवणे फारसे कठीण नसते, आणि ती मिळेपर्यंत थांबावे, असे माझे ठाम मत आहे. पुष्कळ प्रजातींच्या नरांत पोटाच्या पहिल्या दृश्य खंडावर केसाळ खळगा असतो. शिंगांपेक्षा त्यावरून नर ओळखणे अधिक भरवशाचे ठरते.

रंगावर विसंबू नये. कोषातून नुकताच बाहेर आलेला भुंगेरा फिकट पिवळसर असतो आणि पुढे गडद होतो. अळंबीत सतत पोखरल्यामुळे पंखकवचांवरील केस झिजतात. त्यामुळे ‘केस विरळ’ असे लिहिण्याआधी ताजे नमुने पाहावेत. खोडकिड्यांशी (झाडाची साल व खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांशी) गल्लत होऊ नये म्हणून शृंगिका (डोक्यावरील स्पर्शांगे) तपासाव्यात: सीइडी भुंगेऱ्यांच्या शृंगिकेच्या टोकाशी बहुधा ३ सुट्या खंडांची गदा (फुगीर भाग) असते, तर खोडकिड्यांची शृंगिका कोपरासारखी वाकलेली आणि गदा घट्ट असते. नराच्या जननेंद्रियाचे विच्छेदन टाळले, तर जवळच्या प्रजाती अनेकदा वेगळ्या करता येत नाहीत.

आणखी एक दुर्लक्षित बाब म्हणजे अळंबीच. पुष्कळ प्रजाती ठरावीक अळंब्यांनाच चिकटून असतात. म्हणून अळंबीचा तुकडा वाळवून नमुन्यासोबत ठेवावा आणि चिठ्ठीवर झाड, तारीख व अक्षांश-रेखांश लिहावेत. ‘मुंबई’ एवढे लिहून भागत नाही. अळंबी घरी आणून बरणीत ठेवल्यास तोंडाला झाकणाऐवजी दाट कापड बांधावे, नाहीतर इथल्या दमट हवेत बुरशी भुंगेऱ्यांआधी वाढते. डीएनएसाठी काही नमुने ९५ टक्के अल्कोहोलमध्ये ठेवावेत. फॉर्मेलिनने डीएनए खराब होतो.

संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातून काहीही गोळा करण्यापूर्वी वन विभागाची परवानगी घ्यावी. प्राण्यांच्या नामकरणाच्या नियमांनुसार १९९९ नंतरच्या नावासाठी होलोटाइप (नाव ज्यावर आधारलेले असते तो नमुना) निश्चित करून तो कोणत्या संग्रहात ठेवला जाईल हे लिहावे लागते, अन्यथा नाव वैध ठरत नाही. केवळ इलेक्ट्रॉनिक स्वरूपात प्रसिद्ध होणाऱ्या निबंधाची झूबँकवर (प्राण्यांच्या शास्त्रीय नावांच्या अधिकृत ऑनलाइन नोंदवहीत) नोंद आवश्यक आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार नव्या प्रजातीची माहिती आणि नमुना अधिकृत संग्रहाकडे द्यावा लागतो. प्राण्यांसाठी हे काम कोलकात्याच्या भारतीय प्राणी सर्वेक्षण संस्थेकडे आहे.