क्वार्टरबॅकचा करार कसा वाचावा आणि त्यावर वाद कसा घालावा

अमेरिकन फुटबॉलच्या चाहत्यांमध्ये क्वार्टरबॅकच्या, म्हणजे आक्रमण चालवणाऱ्या आणि चेंडू फेकणाऱ्या मुख्य खेळाडूच्या, करारावरून होणारा वाद बहुतेक वेळा एका आकड्यापाशी सुरू होतो आणि तिथेच अडकून पडतो. जुलै 2020 मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने पॅट्रिक महोम्सबरोबर दहा वर्षांची मुदतवाढ केली, तेव्हा 45 कोटी डॉलर हा आकडा सर्वांच्या तोंडी झाला आणि ही रक्कम जास्त की योग्य, एवढ्यावरच मते मांडली गेली. नॅशनल फुटबॉल लीगमधला, म्हणजे एनएफएलमधला करार मात्र रकमेपेक्षा तारखांमध्ये अधिक दडलेला असतो. संघ त्या खेळाडूशी कोणत्या वर्षापर्यंत खरोखर बांधलेला आहे, त्यानंतर बाहेर पडायचे ठरवल्यास त्याला काय मोजावे लागेल आणि त्या जागी दुसरे कोण उपलब्ध होते, ही तीन उत्तरे हाती असल्याशिवाय करारावर मत देऊ नये, असे मला मनापासून वाटते. ही उत्तरे कशी शोधावीत, ते पुढे सांगितले आहे.

पहिले काम म्हणजे एकूण रक्कम बाजूला ठेवून गॅरंटी शोधणे. बास्केटबॉल किंवा बेसबॉलच्या मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये करारातली रक्कम साधारणपणे पूर्णपणे बांधील असते. एनएफएलमध्ये संघ खेळाडूला मध्येच मोकळे करू शकतो आणि ज्या रकमेला गॅरंटी नाही, ती रक्कम त्याच क्षणी संपते. गॅरंटीही एकाच प्रकारची नसते. दुखापत झाली तरच मिळणारी रक्कम वेगळी आणि खेळ खालावला किंवा संघाला सॅलरी कॅपमध्ये (वेतनखर्चाच्या मर्यादेत) जागा करायची म्हणून काढून टाकले तरी मिळणारी रक्कम वेगळी. बातम्यांमध्ये या दोन्हींची बेरीज करून एकच मोठा आकडा दिला जातो; म्हणून ‘सही करतानाच पूर्ण गॅरंटी किती’ हा आकडा वेगळा काढावा. न्यूयॉर्क जायंट्सने मार्च 2023 मध्ये डॅनियल जोन्सला चार वर्षांचा 16 कोटी डॉलरचा करार दिला. गॅरंटी मात्र त्याच्या जवळपास निम्म्या रकमेची, सुमारे 8 कोटींची होती, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये, दुसरा हंगाम संपण्याआधीच, संघाने त्याला मोकळे केले. हा करार चार वर्षांचा म्हणून वाचणाऱ्यांचा आणि दोन वर्षांचा म्हणून वाचणाऱ्यांचा वाद मुळात एकाच करारावर चाललेला नव्हता.

याच्या उलट टोकाला मार्च 2022 मध्ये क्लीव्हलँड ब्राउन्सने डेशॉन वॉटसनला दिलेला पाच वर्षांचा 23 कोटींचा करार आहे. त्यातला प्रत्येक डॉलर गॅरंटीचा होता आणि त्याला मिळवण्यासाठी ह्यूस्टन टेक्सन्सला पहिल्या फेरीचे तीन ड्राफ्ट पिकही, म्हणजे नवोदित खेळाडूंच्या वार्षिक निवडीतले (ड्राफ्टमधले) निवडीचे हक्कही, द्यावे लागले होते. निलंबन आणि दुखापती यांमुळे पहिल्या तीन हंगामांत मिळून तो 19 सामनेच खेळला. इथे संघाला बाहेर पडण्याची तारीखच नव्हती, आणि माझ्या मते या निर्णयातली खरी चूक रकमेत नव्हे, तर या दार नसलेल्या रचनेत होती.

कॅपचा हिशेब स्वतः मांडून पाहावा

एनएफएलमध्ये 1994 पासून सॅलरी कॅप आहे, म्हणजे प्रत्येक संघाच्या वेतनखर्चावर लीगने घातलेली वार्षिक मर्यादा. 2025 साली ती 27.92 कोटी डॉलर होती. या मर्यादेचा हिशेब आणि खेळाडूच्या हातात पडणारा पैसा हे दोन वेगवेगळे हिशेब आहेत, आणि चाहत्यांचा सर्वाधिक गोंधळ इथेच उडतो. साइनिंग बोनस खेळाडूला सुरुवातीलाच मिळतो, पण कॅपच्या हिशेबात तो कराराच्या वर्षांवर, जास्तीत जास्त पाच वर्षांवर, समान वाटला जातो.

एक काल्पनिक करार कागदावर मांडू, कारण हे एकदा स्वतःच्या हाताने केल्याशिवाय नीट उमगत नाही. समजा, करार पाच वर्षांचा आणि 25 कोटी डॉलरचा आहे. त्यात साइनिंग बोनस 6 कोटी आणि मूळ वेतन पाच वर्षांसाठी अनुक्रमे 0.3, 3, 4.7, 5.2 आणि 5.8 कोटी आहे, आणि यांपैकी बोनस व पहिल्या दोन वर्षांचे वेतन यांनाच गॅरंटी आहे. बोनसचा दरवर्षीचा हिस्सा 1.2 कोटी. त्यामुळे कॅपवरचा भार पहिल्या वर्षी 1.5, दुसऱ्या वर्षी 4.2, तिसऱ्या वर्षी 5.9, चौथ्या वर्षी 6.4 आणि पाचव्या वर्षी 7 कोटी होतो. आता तिसरा हंगाम सुरू होण्याआधी संघाने खेळाडूला सोडले, तर बोनसचे उरलेले तीन हिस्से, म्हणजे 3.6 कोटी, एकदम त्याच वर्षाच्या कॅपवर येऊन बसतात. संघात नसलेल्या खेळाडूसाठी अडकून पडलेल्या या रकमेला डेड मनी म्हणतात. तरीही संघाचे 5.9 ऐवजी 3.6 कोटीच खर्ची पडतात, म्हणजे 2.3 कोटींची जागा मोकळी होते. हीच सुटका 1 जूननंतरची म्हणून नोंदवली, तर त्या वर्षी 1.2 कोटी आणि पुढच्या वर्षी 2.4 कोटी असा भार विभागला जातो. खेळाडूच्या बाजूने पाहिले तर त्याला दोन वर्षांत 9.3 कोटी मिळाले. वर्तमानपत्रातले 25 कोटी त्याच्या वाट्याला कधी आलेच नाहीत.

हा तक्ता तयार झाला की ‘रिस्ट्रक्चर’ ही बातमी वाचताना फसगत होत नाही. संघ एखाद्या वर्षाचे मूळ वेतन बोनसमध्ये बदलतो आणि तो भार पुढच्या वर्षांवर ढकलतो. खेळाडूने त्यात काही सोडलेले नसते, उलट त्याला पैसे लवकर मिळतात. करार संपल्यानंतरची नावापुरती वर्षे, ज्यांना व्हॉइड इयर्स म्हणतात, तीही याच कामासाठी जोडली जातात. ही उसनवारी आहे. ती चांगली की वाईट, हे कॅप किती वेगाने वाढते यावर ठरते, आणि महामारीनंतर 2021 मध्ये ती 18.25 कोटींपर्यंत खाली आली होती हे वगळता ती अलीकडे सातत्याने वाढत आली आहे. म्हणून ‘कॅप म्हणजे निव्वळ थोतांड’ म्हणणारे आणि ‘संघ आता बुडाला’ म्हणणारे या दोघांकडूनही आधी तक्ता मागावा.

वेगवेगळ्या वर्षांतल्या करारांची तुलना डॉलरमध्ये कधीच करू नये. सप्टेंबर 2024 मध्ये डॅलस काउबॉइजने डॅक प्रेस्कॉटला चार वर्षांसाठी 24 कोटी, म्हणजे वर्षाला सरासरी 6 कोटी डॉलर दिले, आणि ‘महोम्सपेक्षा जास्त पैसे याला?’ असा संताप व्यक्त झाला. महोम्सची सरासरी 4.5 कोटी होती, पण 2020 ची कॅप 19.82 कोटी होती. म्हणजे त्याचा वाटा सुमारे 22.7 टक्के. प्रेस्कॉटच्या वेळी कॅप 25.54 कोटी होती, म्हणजे वाटा सुमारे 23.5 टक्के. दोन्ही करार सहीच्या वेळी जवळपास सारख्याच वजनाचे होते. महोम्सने दहा वर्षांची बांधिलकी पत्करली आणि प्रेस्कॉटने चारच वर्षांची, हा या दोघांमधला खरा फरक आहे, आणि वाद त्यावर व्हायला हवा.

पर्याय कोण होता, हे विचारावे

‘याला एवढे पैसे देऊ नयेत’ म्हणणाऱ्याने ‘मग कोणाला खेळवावे’ याचे उत्तर त्याच वाक्यात दिले पाहिजे. ज्याच्याकडे उत्तर नाही, त्याचे मत रागाचे असते, निर्णयाचे नसते.

सर्वांत स्वस्त पर्याय म्हणजे ड्राफ्टमधून आलेला तरुण क्वार्टरबॅक. 2010 मध्ये पहिल्या क्रमांकावर निवडलेल्या सॅम ब्रॅडफर्डला सहा वर्षांसाठी 7.8 कोटींचा करार मिळाला होता, त्यातले 5 कोटी गॅरंटीचे. लीग आणि खेळाडूंची संघटना यांच्यातल्या 2011 च्या सामूहिक करारानंतर नवोदितांचे वेतन क्रमांकानुसार बांधले गेले आणि त्याच वर्षी पहिल्या क्रमांकावर आलेल्या कॅम न्यूटनला चार वर्षांसाठी सुमारे 2.2 कोटी मिळाले. शिवाय ड्राफ्टमधून आलेल्या खेळाडूच्या करारात तिसरा हंगाम संपेपर्यंत वाढ करता येत नाही. सॅन फ्रॅन्सिस्को फॉर्टीनाइनर्सचा ब्रॉक पर्डी 2022 च्या ड्राफ्टमध्ये सर्वांत शेवटी, 262 व्या क्रमांकावर, निवडला गेला. फेब्रुवारी 2024 च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्यात, तो सुरुवातीपासून खेळला तेव्हाही त्याचे वेतन वर्षाला 10 लाख डॉलरच्या आतच होते, आणि 26.5 कोटींचा पाच वर्षांचा करार त्याला मे 2025 मध्ये मिळाला. वाचलेला पैसा इतर जागांवर लावता येतो, हे खरे आहे. परंतु ‘महाग क्वार्टरबॅक घेऊन विजेतेपद मिळत नाही’ हा त्यावरून काढला जाणारा निष्कर्ष टिकत नाही, कारण चीफ्सने मार्च 2022 मध्ये टायरीक हिलला मायामी डॉल्फिन्सकडे पाठवून पाच ड्राफ्ट पिक घेतले आणि महोम्सचा मोठा करार चालू असतानाच पुढचे दोन्ही सुपर बोल जिंकले.

डेड मनीची भीतीही पर्यायाच्या संदर्भातच तपासावी. डेन्व्हर ब्रॉन्कोसने रसेल विल्सनला संघात आणल्यावर, त्यांच्यासाठी एकही सामना खेळण्यापूर्वी, सप्टेंबर 2022 मध्ये 24.5 कोटींची पाच वर्षांची मुदतवाढ दिली. मार्च 2024 मध्ये त्याच्या 2025 च्या 3.7 कोटींच्या वेतनाला गॅरंटी लागू होणार होती, आणि ती तारीख येण्याआधी संघाने त्याला मोकळे केले. दोन वर्षांत विभागलेला एकूण डेड मनी सुमारे 8.5 कोटींचा होता. अनेकांनी तेव्हा संघाची काही वर्षे वाया गेली असे मानले, पण ड्राफ्टमध्ये बाराव्या क्रमांकावर मिळालेल्या बो निक्सच्या स्वस्त करारामुळे तो भार पेलला गेला आणि ब्रॉन्कोस 2024 च्या हंगामात प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, पोहोचले. मुदतवाढीची घाई चूक होती आणि बाहेर पडणे योग्य होते. एकाच करारातल्या या दोन निर्णयांना दोन वेगळी मते देता आली पाहिजेत.

पश्चातबुद्धी टाळण्याचा एकच उपाय मला उपयोगी पडला आहे: निर्णयाच्या दिवशी संघाला काय माहीत होते, तेवढेच लिहून काढावे. फिलाडेल्फिया ईगल्सने 2019 मध्ये कार्सन वेंट्झला 12.8 कोटींची चार वर्षांची मुदतवाढ दिली आणि पुढच्याच वर्षी ड्राफ्टच्या दुसऱ्या फेरीत, 53 व्या क्रमांकावर, जेलन हर्ट्स हा दुसरा क्वार्टरबॅक घेतला. त्या दिवशी हा पिक वाया गेल्याची टीका झाली आणि ती निराधार नव्हती, कारण संघाला इतर जागांवरही माणसे हवी होती. वेंट्झचा खेळ 2020 मध्ये ढासळला, सुमारे 3.38 कोटींचा डेड मनी सोसून त्याला इंडियानापोलिस कोल्ट्सकडे पाठवावे लागले, आणि हर्ट्सने फेब्रुवारी 2025 मध्ये सुपर बोल जिंकून दिला. तरीही ‘ईगल्सला सर्व आधीच कळले होते’ असे म्हणणे चूक ठरेल. वेंट्झच्या आधीच्या हंगामांत दुखापती झाल्या होत्या आणि या एका जागेसाठी राखीव माणूस असणे इतर कोणत्याही जागेपेक्षा मोलाचे आहे, एवढे संघाला माहीत होते, आणि त्या निर्णयाच्या बाजूने बोलताना तेवढाच आधार घ्यावा.

खेळाडूच्या गुणवत्तेबद्दल बोलताना जय-पराजयाची नोंद एकट्या क्वार्टरबॅकच्या नावावर लावू नये. त्याच्यापुढची, त्याला संरक्षण देणारी ऑफेन्सिव्ह लाइन, त्याने फेकलेला चेंडू झेलणारे रिसीव्हर आणि स्वतःच्या संघाचा बचाव यांचा त्यात मोठा भाग असतो. त्याचे वय आणि दुखापतींचा इतिहास मात्र जरूर विचारात घ्यावा, कारण करार पुढच्या वर्षांसाठी असतो, मागच्या हंगामाचे बक्षीस म्हणून नव्हे.

वाद कोणत्या महिन्यात चालला आहे, यावरही प्रश्न बदलतो. फेब्रुवारीच्या उत्तरार्धापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत फ्रँचाइझ टॅगचा काळ असतो; हा टॅग लावून संघ खेळाडूला एका वर्षासाठी रोखून ठेवतो, मात्र दुसऱ्या वर्षी पुन्हा टॅग लावल्यास आधीच्या वेतनाच्या किमान 120 टक्के आणि तिसऱ्या वर्षी किमान 144 टक्के द्यावे लागतात. कर्क कझिन्सने 2016 आणि 2017 असे दोन हंगाम वॉशिंग्टनकडून टॅगवर काढले आणि 2018 मध्ये मिनेसोटा व्हायकिंग्सकडून तीन वर्षांचे 8.4 कोटी पूर्ण गॅरंटीने घेतले, तेव्हा थांबण्याची किंमत संघाने मोजली होती, त्याने नाही. मार्चच्या मध्यावर लीगचे नवे वर्ष सुरू होते आणि अनेक करारांतल्या पुढच्या गॅरंटी त्यानंतर काही दिवसांतच लागू होतात, त्यामुळे ‘सोडावे की ठेवावे’ हा वाद त्याआधी घालावा. एप्रिलच्या ड्राफ्टनंतर पर्यायांची यादी बदललेली असते. मेच्या सुरुवातीला ड्राफ्टच्या पहिल्या फेरीतल्या खेळाडूंचा चार वर्षांचा करार पाचव्या वर्षासाठी वाढवायचा की नाही, याचा निर्णय संघाला घ्यावा लागतो; जायंट्सने 2022 मध्ये जोन्सचे ते वर्ष नाकारले आणि पुढच्याच मार्चमध्ये त्याला 16 कोटींचा करार दिला, हे त्या निर्णयावर बोलताना आठवावे. टॅग लागलेल्या खेळाडूला दीर्घ करार देण्याची मुदत जुलैच्या मध्यावर संपते, आणि त्यानंतर त्या हंगामापुरता तो एका वर्षाच्या करारावरच खेळू शकतो; त्या तारखेनंतर ‘संघाने त्याला आत्ताच चार वर्षे द्यावीत’ ही मागणी नियमानेच बाद झालेली असते.