एकाच खोक्यातला सर्व्हर घेण्यापूर्वी काय तपासावे

हिंगणघाट किंवा वणीकडच्या जिनिंगच्या, अकोल्याच्या दाल मिलच्या अथवा गोंदियाकडच्या राईस मिलच्या ऑफिसात दहा-पंधरा संगणक झाले, की पुरवठादार हमखास एक कोटेशन घेऊन येतो. एकच सर्व्हर घ्या. लॉगिन, फाइली, ई-मेल, बॅकअप आणि घरून काम करण्याची सोय, सारे त्यातच मिळेल, असे त्याचे म्हणणे असते. सुटे परवाने घेण्यापेक्षा हे पॅकेज बरेच स्वस्त पडते, यात खोटे काही नाही. मात्र ही स्वस्ताई ज्या अटींवर मिळते, त्या अटी कोटेशनवर क्वचितच लिहिलेल्या असतात आणि बहुतेक वेळा त्या ऐन हंगामात समोर येतात.

सर्वप्रथम वापरकर्त्यांची मर्यादा पाहावी आणि ती हंगामातल्या गर्दीशी ताडून पाहावी. मायक्रोसॉफ्टचे असे पॅकेज म्हणजे स्मॉल बिझनेस सर्व्हर; त्याच्या २००३ च्या आवृत्तीत ही मर्यादा ७५ होती. त्याची जागा घेणाऱ्या विंडोज सर्व्हर इसेन्शियल्समध्ये ती २५ वापरकर्ते आणि ५० उपकरणे इतकी खाली आली. दिवाळीनंतर कापसाची आवक सुरू झाली, की काटा (गाड्यांचा वजनकाटा), खरेदी, रोकड, गोदाम, प्रेस आणि हिशेब असे प्रत्येक टेबल स्वतंत्र लॉगिन मागते, शिवाय मालकांना मोबाइलवर आकडे हवे असतात. सव्विसाव्या माणसासाठी एक जादा परवाना विकत घेता येत नाही. विंडोज सर्व्हरच्या स्टँडर्ड आवृत्तीकडे जावे लागते आणि तेथे सगळ्याच माणसांचे परवाने घ्यावे लागतात. उलट, पाच संगणकांच्या कृषी केंद्राला सर्व्हरची गरजच नसते. विंडोजच्या साध्या प्रोफेशनल आवृत्तीवर एका वेळी २० जोडण्या चालतात, आणि एवढ्यावर टॅलीची बहुवापरकर्ता आवृत्ती समाधानकारक चालते.

दुसरी अट विस्ताराची आहे. स्मॉल बिझनेस सर्व्हर हा आपल्या डोमेनचा (ऑफिसातले सगळे संगणक आणि लॉगिन खाती एकत्र बांधणाऱ्या गटाचा) मुख्य नियंत्रक असलाच पाहिजे, एका डोमेनमध्ये असा एकच सर्व्हर चालेल आणि दुसऱ्या डोमेनशी त्याचे विश्वासाचे नाते (एकीकडची खाती दुसरीकडे चालण्याची सोय) जोडता येणार नाही, असे बंधन होते. परवान्याच्या या अटी मोडल्या, तर सर्व्हर ठरावीक वेळाने आपोआप बंद होत असे. जिनिंगच्या मालकाने पुढे सरकीची तेलगिरणी काढली किंवा भागीदाराचे ऑफिस स्वतःच्या ऑफिसात मिळवले, तर असे दोन सर्व्हर एकमेकांशी जोडता येत नाहीत; एक मोडून त्यातली सगळी खाती दुसऱ्यात नव्याने उभारावी लागतात. आज कोणतेही पॅकेज घेताना दुसऱ्या गावी शाखा काढली तर तिचा सर्व्हर याला कसा जोडायचा, हे पुरवठादाराकडून लेखी घ्यावे.

आता विजेचा मुद्दा. आपल्याकडे सर्वाधिक नुकसान यानेच होते. ई-मेल सांभाळणारे मायक्रोसॉफ्टचे सॉफ्टवेअर एक्स्चेंज आणि डोमेनचा नियंत्रक एकाच यंत्रावर असले, की सर्व्हर बंद होताना डोमेनची सेवा आधी थांबते, एक्स्चेंज तिच्या उत्तराची वाट पाहत बसते आणि यंत्र पूर्ण बंद व्हायला दहा मिनिटांहून अधिक वेळही लागू शकतो. ऑफिसातला यूपीएस मात्र बहुधा तेवढाही टिकत नाही. त्यामुळे लाईट गेल्यावर बंद होण्याच्या मध्येच सर्व्हरचा वीजपुरवठा तुटतो आणि मेलचा डेटाबेस बिघडतो. यासाठी संध्याकाळी काम संपल्यावर सर्व सेवा चालू असताना सर्व्हर बंद करून घड्याळ लावावे, त्याच्या दुप्पट वेळ टिकेल असा यूपीएस घ्यावा आणि यूपीएसची यूएसबी केबल सर्व्हरला जोडून बॅटरी निम्मी उतरली की तो आपोआप बंद होईल, अशी मांडणी करावी. ही केबल बहुतेक ठिकाणी यूपीएसच्या खोक्यातच पडून राहते.

जिनिंगच्या आवारात कापसाच्या तंतूंचाही विचार करावा लागतो. सर्व्हरच्या पुढच्या जाळीवर त्यांचा करडा नमद्यासारखा थर बसतो, पंखे ओरडू लागतात आणि एप्रिल-मेच्या उन्हात यंत्र स्वतःहून बंद पडते. एकाच यंत्रात सारे असेल, तर काटापट्टी (वजनाची पावती), हिशेब आणि मेल एकाच क्षणी ठप्प होतात. म्हणून सर्व्हर काट्याच्या केबिनमध्ये ठेवू नये आणि काट्याच्या इंडिकेटरची (वजन दाखवणाऱ्या पेटीची) सिरियल केबलही सर्व्हरला जोडू नये. तेथे वेगळा साधा संगणक असावा, म्हणजे सर्व्हर बंद असतानाही गाड्यांची वजने होत राहतील.

पॅकेजबरोबर फुकट येणारा डेटाबेसही उघडून पाहावा. काट्याची आणि खरेदीची अनेक सॉफ्टवेअर एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस या मायक्रोसॉफ्टच्या फुकट डेटाबेसवर चालतात आणि २००८ आर२ पासून २०२२ पर्यंतच्या आवृत्त्यांत एका डेटाबेसला १० जीबीची मर्यादा आहे. नुसत्या आकड्यांना ती वर्षानुवर्षे पुरते. परंतु काट्यावरचे कॅमेरे प्रत्येक गाडीची छायाचित्रे काढून डेटाबेसमध्येच साठवत असतील, तर ती लवकर भरते. जुन्या पट्ट्या दिसतात, पण नवी नोंद होत नाही आणि फाटकाबाहेर गाड्यांची रांग लागते. छायाचित्रे साध्या फोल्डरमध्ये आणि डेटाबेसमध्ये केवळ त्यांचा पत्ता, अशी मांडणी करून देण्यास सॉफ्टवेअरवाल्याला सांगावे. डेटाबेसचा आकार दर महिन्याला वहीत लिहून ठेवला, तरी धोका आधी कळतो.

ई-मेलविषयी माझे मत स्पष्ट आहे: तालुक्याच्या गावी मेल सर्व्हर स्वतःकडे ठेवू नये. स्थिर आयपी पत्ता (इंटरनेटवरचा न बदलणारा क्रमांक) आणि त्याची उलटी डीएनएस नोंद (त्या क्रमांकावरून नाव सांगणारी नोंद) नसेल, तर पाठवलेले मेल व्यापाऱ्याच्या स्पॅममध्ये जातात, आणि फायबर तुटली की येणारेही थांबतात. मेल बाहेर भाड्याने घ्यावा. मग उरलेल्या कामासाठी विंडोज सर्व्हरची स्टँडर्ड आवृत्ती घेऊन, तिच्या परवान्यात मिळणाऱ्या दोन आभासी यंत्रांपैकी (एकाच सर्व्हरच्या आत चालणाऱ्या स्वतंत्र संगणकांपैकी) एकावर डोमेन आणि दुसऱ्यावर हिशेब ठेवावा. सुरुवातीचा खर्च पॅकेजपेक्षा वाढतो, पण हिशेबाचे यंत्र उद्या नव्या हार्डवेअरवर हलवायचे झाले तर डोमेनला हात लावावा लागत नाही. बॅकअप दोन ठिकाणी असावा, एक आवाराबाहेर, आणि तो वेगळ्याच संगणकावर उघडून पाहिल्याशिवाय त्यावर भरवसा ठेवू नये. फर्म कंपनी म्हणून नोंदलेली असेल, तर हिशेबाचा रोजचा बॅकअप भारतातल्याच सर्व्हरवर ठेवण्याचे बंधन आहे. नेमका अर्थ सीएला विचारावा.

शेवटी बाहेर पडण्याची वाट. मायक्रोसॉफ्टने २०१२ मध्येच स्मॉल बिझनेस सर्व्हरची पुढची आवृत्ती काढणार नसल्याचे जाहीर केले आणि २०११ च्या आवृत्तीचा आधार (कंपनीकडून मिळणाऱ्या दुरुस्त्या आणि मदत) १४ जानेवारी २०२० रोजी संपला. इसेन्शियल्स २०१९ मधून तर पॅकेजची ओळख असलेला डॅशबोर्डच (सगळा कारभार एका ठिकाणाहून पाहण्याचा पडदा) काढून टाकला गेला. म्हणून कोटेशनवर आधार संपण्याची तारीख लिहून घ्यावी. ज्यांच्याकडे स्मॉल बिझनेस सर्व्हरच्या २००८ किंवा २०११ च्या आवृत्तीचे जुने यंत्र अजून चालू आहे, त्यांनी हे लक्षात घ्यावे, की मुख्य नियंत्रकाचे अधिकार नव्या सर्व्हरकडे दिल्यावर जुना सर्व्हर केवळ २१ दिवस सोबत चालू शकतो. मेल, फाइली आणि सॉफ्टवेअर हलवण्याचे काम तेवढ्यात आटोपावे लागते, त्यामुळे ते जिनिंग बंद असताना, जुलै ते सप्टेंबरमध्ये हाती घ्यावे आणि जुन्या यंत्राचा पूर्ण बॅकअप पुढचा हंगाम संपेपर्यंत जपून ठेवावा.