‘कमी ऐकू येतं’ एवढंच डॉक्टरांना सांगून भागत नाही

एका कानानं दोन-तीन दिवसांत अचानक ऐकू येईनासं झालं असेल, तर हा लेख बाजूला ठेवा आणि आजच कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जा. ‘सर्दीनं दडे बसलेत, सुटतील’ म्हणत लोक महिना घालवतात. बिघाड आतल्या कानाचा किंवा नसेचा असेल, तर स्टेरॉइडचा उपयोग पहिल्या दोन आठवड्यांत सर्वांत जास्त होतो.

हळूहळू कमी झालेल्यांनी आधी एक पथ्य पाळावं: कानात काहीही घालायचं नाही. कोमट तेलाचा सल्ला देणारं घरोघरी कुणीतरी असतंच. त्या तेलानं तपासताना पडदा धड दिसत नाही आणि पडद्याला भोक असेल तर ते थेट आत उतरतं. बड्सनं मळ आणखी खोल जातो. चालू औषधांची यादी सोबत न्या. पूर्वी क्षयासाठी स्ट्रेप्टोमायसिन किंवा कॅनामायसिनची इंजेक्शनं झाली असतील, कॅन्सरसाठी सिस्प्लॅटिन घेतलं असेल, तर कितीही जुनं असलं तरी सांगा.

खरी गोची होते ती डॉक्टरांसमोर बसल्यावर. दार लावलेली खोली, दोन हातांवर बसलेले डॉक्टर, समोरासमोर बोलणं: अशा ठिकाणी बऱ्याच जणांना व्यवस्थित ऐकू येतं. मग मळ काढला जातो, ‘वयानं होतं थोडंफार’ हे ऐकून माणूस घरी येतो.

वयानं ऐकू कमी येतं तेव्हा आधी उंच पट्टीचे आवाज जातात. बोलण्यातले स्वर बरेचसे खालच्या पट्टीत असल्यानं टिकतात. स, श, फ, त, क निसटतात. ‘पाच’ आणि ‘सात’ यांत ‘आ’ तोच, फरक सगळा व्यंजनांचा. म्हणून आवाज येतो, पण भाजीवाला पाच म्हणाला की सात ते कळत नाही. घरच्यांना वाटतं, लक्षच देत नाहीत.

तेव्हा तक्रार प्रसंगासकट सांगा. ‘आवाज येतो, शब्द कळत नाहीत.’ ‘समोर बसून कळतं, मिक्सर चालू असला की नाही.’ ‘मुलाचं बोलणं कळतं, नातीचं नाही.’ ‘फोन उजव्या कानाला लावला तर कळतो, डाव्याला नाही.’ हे शेवटचं वाक्य विसरूच नका: एकच कान जास्त गेला असेल तर त्याचं कारण वेगळं शोधावं लागतं, कधी एमआरआयही करावा लागतो. गोंगाटात उलट बरं ऐकू येत असेल तर तेही बोला. मधल्या कानातलं हाड आखडल्याची ती खूण असू शकते. कानात शिट्टी वाजणं, चक्कर, कान वाहणं, यंत्रमागावरची नोकरी, ढोल-ताशा पथक, हेही आलंच.

सोबत आलेल्या मुलानं ‘थांबा बाबा, मी सांगतो’ म्हणायचं नाही. तो बोलू लागला की डॉक्टर त्याच्याशीच बोलतात आणि पेशंट मान हलवत बसतो. बाबांचं सांगून झाल्यावर राहिलेलं जोडावं, बस्स. डॉक्टरांचं बोलणं कळत नसेल तिथे स्पष्ट म्हणा: ‘डॉक्टर, मोठ्यानं नको, माझ्याकडे बघून सावकाश बोला.’ ओरडण्यानं स्वरच वाढतात, व्यंजनं तिथेच राहतात.

मग ऑडिओमेट्री, म्हणजे यंत्रावर ऐकण्याची चाचणी, लिहून मागा. ती मळ काढल्यावरच करायची; आदल्या दिवशी डीजे, फटाके नकोत. तिच्या आलेखात दोन रेषा असतात: एक हवेतून कानात गेलेल्या आवाजाची, दुसरी कानामागच्या हाडातून थेट आत पोचवलेल्या आवाजाची. रिपोर्ट आल्यावर एकच प्रश्न नेमका विचारा: ‘हवेच्या आणि हाडाच्या रेषेत अंतर आहे का?’ अंतर असेल तर अडथळा बाहेरच्या किंवा मधल्या कानात असतो आणि औषधानं किंवा ऑपरेशननं सुधारायची शक्यता बरीच असते. दोन्ही रेषा एकत्रच खाली गेल्या असतील तर बिघाड आतल्या कानाचा किंवा नसेचा, आणि बोलणं बहुधा श्रवणयंत्रावर येतं. शब्द ओळखण्याची चाचणीही करून घ्या. यंत्राचा कितपत उपयोग होईल, याचा अंदाज त्यावरून येतो.

दुकानातली ‘मोफत तपासणी’ यंत्र विकण्यासाठी असते. डॉक्टरांनी कान पाहिल्याशिवाय तिथे पैसे भरू नका. रिपोर्टचा फोटो काढून मूळ कागद फाइलला लावा, पुढची चाचणी त्याच्याशीच ताडून पाहायची असते.