मृग लागला तरी सगळे बियाणे एकदम पेरू नका

मुरबाड, शहापूर, भिवंडी, कल्याणच्या शेतकरी बंधुभगिनींनो, राब (रोपांसाठी भाजलेली जमीन) तयार झाले, भाताचे बियाणे घरात आले. पण पेरणीची मूठ धरण्याआधी हे वाचा.

हवा एका अंशाने तापली की ती सुमारे 7 टक्के जास्त वाफ धरू शकते. अशी हवा आधी जमिनीतली ओल शोषते आणि मग पाऊस एकदम ओतते. जगात एका देशात पूर आणि दुसऱ्यात दुष्काळ दिसतो तो यामुळेही. आपल्याकडे मात्र दोन्ही एकाच खाचरात, पंधरवड्याच्या अंतराने येतात. रोप वाहून जाते आणि उरलेल्या रोपाखाली जमिनीला भेगा पडतात.

पावसाळ्याचा शेवटही लांबला आहे. मुंबईतून मान्सून परतण्याची सरासरी तारीख हवामान विभागाने 2020 मध्ये 29 सप्टेंबरवरून 8 ऑक्टोबर केली. आता हिशेब मांडा: 10 जूनला पेरलेले 115 दिवसांचे हळवे (लवकर तयार होणारे) भात 3 ऑक्टोबरच्या आसपास कापणीला येते, म्हणजे ऐन परतीच्या पावसात. कापलेल्या भाताला खाचरातच कोंब फुटलेले ज्याने पाहिले, त्याला यापुढे काही सांगायला नको.

म्हणून हळव्याचे, उदाहरणार्थ कर्जत-3 चे, निम्मे बियाणे आता पेरा आणि निम्मे आठ-दहा दिवसांनी. वरकस, म्हणजे उंचावरच्या हलक्या, जमिनीत ओल लवकर संपते, तिथे पहिला हप्ता ठेवा. दुसरा हप्ता जरा खोलगट खाचरांसाठी. पाणी धरणाऱ्या खाचरात गरवेच (उशिरा तयार होणारे) लावा. याने एखादी खेप गेली तरी दुसरी हाती राहते. यात मजुरी थोडी वाढेल, हे मान्य आहे. तरीही मी हेच करायला सांगेन.

पेरणीआधी 10 लिटर पाण्यात 300 ग्रॅम मीठ विरघळवून त्यात बियाणे बुडवा, तरंगणारे पोचट दाणे काढून टाका. बाकीचे दोन-तीनदा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत सुकवा. पेरणी सपाट वाफ्यावर नको. मीटरभर रुंद आणि 8 ते 10 सेंटिमीटर उंच गादीवाफा करा, म्हणजे ढगफुटीसारख्या सरीतही पाणी मधल्या चरातून निघून जाईल.

आवणीला, म्हणजे रोपे लावताना, फेकून दिलेला युरिया पहिल्याच मोठ्या पावसात ओढ्याला जातो. पैसा जातो, आणि खालच्या गावाचे पाणीही बिघडते. त्यापेक्षा भातलागवडीच्या चारसूत्री पद्धतीप्रमाणे चार चुडांच्या (रोपांच्या जुडग्यांच्या) मध्ये 2.7 ग्रॅमची युरिया-डीएपी खताची गोळी आवणीच्याच दिवशी 7 ते 10 सेंटिमीटर खोल खोचा. बांधातली खेकड्यांची बिळे आताच बुजवा. जादा पाणी जाण्याची वाट मात्र दगड लावून पक्की करा, नाहीतर पाणी बांधच फोडून वाट काढेल.

खाडीकाठच्या खारजमिनीत पनवेल-3 सारखे क्षार सोसणारे वाण घ्या. पहिल्या पावसांनी धुतलेले मीठ ओहोटीच्या वेळी उघाडीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) बाहेर सोडा. भरती चढण्याआधी उघाडीची झाप (झडप) बंद झाली की नाही, हे स्वतः जाऊन बघा.

भातसा आणि तानसा ही धरणे शहापुरात, तरी त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर एप्रिल-मे महिन्यांत टँकर येतो. ही सल मनात धरून सांगतो, पाऊस ओसरला की ओढ्याची धार आटायची वाट पाहू नका. रिकामी सिमेंटची पोती आजपासून जमवा आणि धार वाहती असतानाच ती मातीने भरून त्यांचा वनराई बंधारा घाला. भातानंतरच्या वालाला आणि भेंडीला तेच पाणी पुरवायचे आहे.